घरी रुग्ण सांभाळताना स्वतःला कसे सांभाळावे: नागपुरातील नवख्या कुटुंबांसाठी

पक्षाघात झालेल्या वडिलांना किंवा खुब्याचे हाड मोडलेल्या आईला धंतोलीतल्या अथवा रामदासपेठेतल्या रुग्णालयातून घरी आणले जाते, तेव्हा घरच्यांच्या हाती डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी, फिजिओथेरपीच्या व्यायामांचा कागद आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. या सगळ्या कागदांमध्ये एका व्यक्तीविषयी बहुधा एक ओळही नसते. ती म्हणजे उद्या सकाळपासून रुग्णाची कूस बदलणारी, त्याला भरवणारी आणि रात्री त्याच्या हाकेला उठणारी व्यक्ती. बहुतेक घरांत ती सून, पत्नी किंवा मुलगी असते, क्वचित मुलगा किंवा वृद्ध पती असतो. हा लेख तिच्यासाठी आणि तिच्या घरच्यांसाठी आहे.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या वृद्धांचा अमेरिकेतील एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. चार वर्षांच्या निरीक्षणात असे दिसले की, सांभाळण्याचा ताण ज्यांना जाणवत होता, त्यांच्यातील मृत्यूचा धोका कोणालाही सांभाळावे न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक होता. मात्र जे सांभाळत होते, पण ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा वाढीव धोका आढळला नाही. नवख्या कुटुंबांनी या निष्कर्षाचा दुसरा भाग आवर्जून वाचावा, कारण सेवा केल्याने माणूस खचतोच असे नाही. झोप नसलेली, मदत नसलेली आणि महिनोन्‌महिने एकाच माणसावर पडलेली सेवा त्याला खचवते. झोप, मदत आणि पाळ्या या तिन्ही गोष्टी ठरवून बदलता येतात, आणि त्या पहिल्याच आठवड्यात बदलाव्यात. सहा महिन्यांनी घरातील सवयी पक्क्या होतात आणि मग त्या मोडणे फार अवघड जाते.

पहिली पायरी: एकच वही

रुग्णाच्या औषधांसाठी वही करण्याचा सल्ला सर्वच डॉक्टर देतात. त्याच वहीच्या त्याच पानावर सांभाळणाऱ्याचाही एक रकाना आखावा आणि त्यात रोज चार नोंदी कराव्यात: काल रात्री एकूण किती तास झोप झाली, दोन्ही वेळचे जेवण बसून झाले का, स्वतःची औषधे घेतली का आणि घराबाहेर किती वेळ जाता आले. वेगळी वही करू नये. ती दोन दिवसांत मागे पडते. रुग्णाच्या रक्तदाबाच्या आकड्याशेजारीच ‘झोप ३ तास’ असे सलग पाच दिवस लिहिलेले दिसले, की जे घरच्यांना बोलून पटत नव्हते ते त्या पानावरून पटते. शिवाय पुढच्या तपासणीला हीच वही डॉक्टरांसमोर ठेवता येते.

पहिल्या आठवड्यात आणखी एक काम करावे. सकाळी उठल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रुग्णासाठी होणारे प्रत्येक काम आणि ते करणाऱ्याचे नाव लिहून काढावे. तोंड धुवून देणे, डायपर बदलणे, औषध आणायला जाणे, विम्याचे कागद जमवणे, भेटायला येणाऱ्यांना चहा करणे, हे सर्व त्यात यावे. या यादीत एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर कामांची वाटणी कुठून सुरू करायची याचा प्रश्न उरत नाही.

झोपेची व्यवस्था सर्वांत आधी

प्रौढ माणसाला सात तासांच्या आसपास झोप लागते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने त्वचेला होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. या दोन वाक्यांतच खरी अडचण आहे: एका माणसाने दोन्ही गोष्टी सलग काही आठवडे पाळणे शक्य नाही. म्हणून रात्र दोन भागांत वाटावी. एकाने रात्री दहा ते दोन जागावे, दुसऱ्याने दोन ते सहा, आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपावे. त्याच खोलीत झोपल्यास पाळी नसतानाही कान रुग्णाकडेच लागलेले राहतात.

घरात दुसरे कोणी नसेल, तर आठवड्यातून किमान दोन रात्री पगारी मदतनीस ठेवावी. खर्च परवडणारा नसेल, तर दिवसाची बाई कमी करून रात्रीची ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण रात्री झोप झालेली व्यक्ती दिवसाचे काम कसेबसे तरी निभावते, पण जागरणाने थकलेल्या व्यक्तीच्या हातून औषधांच्या मात्रा चुकतात.

रात्रीची उठबस कमी करण्याचे काही उपाय डॉक्टरांना विचारता येतात. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जात असेल, तर ती सकाळी देता येईल का हे विचारावे. वेळ मात्र स्वतःच्या मनाने बदलू नये. हवेची गादी घेतल्यास कूस बदलण्याच्या वेळांमध्ये काही सवलत मिळेल का, हेही त्यांनाच विचारावे. ही गादी, व्हीलचेअर आणि दांड्याचा पलंग भाड्याने मिळतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी हजारो रुपये घालण्याची गरज नसते. रुग्णाच्या चांगल्या हाताजवळ बॅटरीवर चालणारी बिनतारी घंटा ठेवावी. हाक ऐकू येणार नाही ही धास्ती गेली, की झोप अधिक गाढ लागते.

कंबर जपण्याची रीत

घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांची पहिली तक्रार बहुधा कंबरेची असते आणि ती टाळता येण्याजोगी असते. रुग्णालयातून निघण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टकडून रुग्णाला हलवण्याची पद्धत स्वतः करून शिकून घ्यावी. नुसती पाहून येऊ नये. पुढील बाबी त्यांच्याकडून नक्की करून घ्याव्यात.

रुग्ण स्वतः उठत नसेल, तर त्याच्या पलंगाची उंची आपल्या कंबरेइतकी असावी. साधा पलंग असल्यास त्याच्या चारही पायांखाली पक्के लाकडी ठोकळे द्यावेत. रुग्ण आधाराने स्वतः उठू-बसू लागला असेल, तर मात्र पलंग खालीच ठेवावा, कारण उंच पलंगावरून पडण्याचा धोका मोठा असतो.

कूस बदलताना ज्या बाजूला वळवायचे आहे त्या बाजूला उभे राहावे, रुग्णाचा पलीकडचा गुडघा दुमडावा, एक हात त्याच्या पलीकडच्या खांद्यावर आणि दुसरा कंबरेच्या हाडावर ठेवावा आणि स्वतःचे एक पाऊल पुढे, एक मागे ठेवून आपल्या शरीराचा भार मागच्या पायावर नेत त्याला आपल्याकडे वळवावे. असे केल्यास जोर पायांचा लागतो, पाठीचा लागत नाही. रुग्णाला उशीकडे वर सरकवायचे असल्यास खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी चादर दुमडून त्याच्याखाली कायम अंथरलेली असावी आणि दोघांनी दोन बाजूंनी ती धरून सरकवावे. हे काम एकट्याने करू नये. शेजारच्या घरातील एखाद्या धडधाकट माणसाला सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे येण्याची विनंती करणे यात काहीही वावगे नाही.

पलंगावरून खुर्चीत बसवताना खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला लावून तिचे ब्रेक लावावेत, त्याची दोन्ही पावले जमिनीवर टेकलेली आहेत हे पाहावे, आपले गुडघे वाकवावेत, पाठ ताठ ठेवावी आणि त्याला कंबरेच्या पट्ट्याने धरावे. रुग्णाला आपल्या गळ्यात हात घालू देऊ नयेत. त्याच्या काखेत हात घालून उचलल्यास किंवा लुळा हात धरून ओढल्यास त्याचा खांदा निखळू शकतो आणि आपली कंबर धरते. आंघोळ घालताना किंवा अंग पुसताना स्वतः स्टुलावर बसावे. कंबर दुखू लागल्यास पट्टा बांधून तेच काम चालू ठेवण्यापेक्षा दोन दिवस ते काम दुसऱ्याकडे द्यावे.

जेवण, स्वतःची औषधे आणि नागपूरचा उन्हाळा

अनेक घरांत सांभाळणारी व्यक्ती रुग्णाच्या ताटात उरलेले, बिनमिठाचे आणि थंड झालेले अन्न उभ्या उभ्या संपवते आणि त्यालाच जेवण समजते. यात काटकसर दिसत असली, तरी दोन महिन्यांत अशक्तपणा येतो. तिने स्वतःचे ताट वेगळे वाढून घ्यावे आणि त्यात वरण, उसळ, दही किंवा अंडी यांपैकी काहीतरी रोज असावे. रुग्णाला भरवण्यापूर्वी स्वतः जेवावे, कारण भरवायला कधी अर्धा तास लागतो तर कधी दीड, आणि त्यानंतर भूक मेलेली असते. आधी जेवणे अनेकींना अपराधासारखे वाटते, परंतु भुकेल्या माणसाचा हात घाईने चालतो आणि घाईने भरवलेला घास पक्षाघाताच्या रुग्णाला श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

सांभाळणाऱ्याला रक्तदाब, मधुमेह किंवा थायरॉईडचा त्रास असेल, तर त्याच्या गोळ्या रुग्णाच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी वेगळ्या रंगाच्या डब्यात ठेवाव्यात आणि रुग्णाचा रक्तदाब मोजला की त्याच यंत्रावर आपलाही मोजावा. आकडा वारंवार १४०/९० च्या वर येत असल्यास डॉक्टरांकडे जावे. ‘बाबांचे सगळे ठीक झाले की माझे दाखवीन’ हे वाक्य या शहरात घरोघरी ऐकू येते आणि ते फार महागात पडते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या हातावर मुद्दाम केलेली छोटी जखम भरून येण्यास इतरांपेक्षा सरासरी नऊ दिवस अधिक लागले होते. ताण मनात असतो तसा तो शरीरातही असतो, हे एवढ्या लहानशा जखमेनेही दाखवून दिले.

नागपुरात याहून वेगळा विचार उन्हाळ्याचा करावा लागतो. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती, आणि नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या अतितप्त नऊ दिवसांत पारा ४५ च्या आसपास असणे हे येथे नित्याचेच आहे. या दिवसांत कूलर रुग्णाच्या खोलीत असतो आणि सांभाळणारी व्यक्ती स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि गच्चीवरचे वाळवण यांत फिरत असते. त्यामुळे ऊन आधी तिलाच लागते. मार्चअखेरीस पुढील बदल करून टाकावेत: दोन्ही वेळचा स्वयंपाक सकाळी नऊपूर्वी उरकावा, औषधे, बँक आणि रुग्णालयाच्या फेऱ्या सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर कराव्यात, दुपारी एक ते चार या वेळेत रुग्णाच्याच थंड खोलीत आडवे व्हावे. तहानेची वाट न पाहता रुग्णाला औषध देण्याच्या प्रत्येक वेळी आपणही एक पेला पाणी, ताक, पन्हे किंवा ज्वारीची आंबील घ्यावी. रुग्णाला हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी आणि मीठ मोजून दिले जात असेल, तर तो नियम त्याच्यापुरता असतो. घाम गाळणाऱ्या निरोगी माणसाने तो स्वतःला लावून घेऊ नये. चक्कर, मळमळ, गोळे येणे अशी लक्षणे दिसली, तर काम थांबवून सावलीत बसावे आणि एक लिटर पाण्यात ओआरएसचे एक पाकीट विरघळवून ते थोडे थोडे प्यावे. अंग तापलेले असून बोलणे असंबद्ध झाले, तर तो उष्माघात समजून घरच्यांनी अंगावर पाणी मारावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कूलरविषयीही सांगणे आवश्यक आहे. खोलीची एक खिडकी उघडी असल्याखेरीज कूलर नीट गारवा देत नाही. बंद खोलीत नुसता दमटपणा वाढतो. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून कूलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करून, घासून, कोरडी करूनच पुन्हा भरावी. सांभाळणाऱ्या व्यक्तीला डेंग्यू झाला, तर घरात एकाऐवजी दोन रुग्ण होतात आणि त्यांना पाहायला कोणीही उरत नाही.

मदत कशी मागावी

‘काही लागले तर सांगा’ असे पुष्कळ जण म्हणतात आणि ते मनापासून म्हणत असतात. अडचण अशी असते की काय सांगायचे हे आपण ठरवलेले नसते. मदत मागताना काम, वार आणि वेळ या तिन्ही गोष्टी सांगाव्यात. ‘भाऊजी, येत्या शनिवारी संध्याकाळपासून रविवारी संध्याकाळपर्यंत तुम्ही बाबांजवळ राहाल का? रात्री कूस केव्हा बदलायची ते वहीत लिहिलेले आहे, कशी बदलायची ते मी शुक्रवारीच दाखवते,’ असे सुनेने दिराला म्हटले, तर त्याला हो किंवा नाही म्हणावे लागते, आणि बहुतेक वेळा उत्तर होकारार्थी येते. नकार आल्यास त्याच वेळी दुसरा वार विचारावा.

पुण्यात किंवा परदेशात राहणाऱ्या भावंडांनाही काम देता येते. विम्याचा पाठपुरावा, विजेचे बिल, औषधांची मागणी नोंदवणे ही कामे दुरूनही होतात. त्याहून उपयोगी काम म्हणजे रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी रुग्णाशी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बोलणे. एखादा शेजारी तेवढा वेळ घरात येऊन बसला, तर सांभाळणाऱ्या व्यक्तीला कॉलनीच्या मैदानात चार फेऱ्या मारून येता येतात, आणि तेवढी मोकळीक दररोज मिळणे हे महिन्यातून एकदा मिळणाऱ्या दिवसभराच्या सुटीपेक्षा अधिक मोलाचे आहे.

मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत बाई ठेवताना ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी मागावी, ड्यूटी आठ, बारा की चोवीस तासांची हे लिहून घ्यावे, बाई सुटीवर गेल्यास बदली कोण देणार हे आधीच विचारावे आणि पहिले दोन दिवस आपण सोबत राहून सर्व कामे दाखवावीत. चोवीस तासांच्या बाईंनाही झोपेसाठी सलग काही तास आणि जेवायला वेळ द्यावा लागतो. या लेखात घरच्या माणसांसाठी जे सांगितले आहे, ते सर्व त्यांनाही लागू आहे, आणि ज्या घरांत त्यांना मानाने वागवले जाते तेथे त्या टिकतात.

चिडचिड आणि अपराधभाव

रुग्णावर राग येतो. एकच प्रश्न विसाव्यांदा विचारला गेल्यावर, नुकतीच बदललेली चादर पुन्हा ओली झाल्यावर प्रेमळ माणसालाही राग येतो आणि मग रात्रभर त्याची बोचणी लागते. अशा वेळी करावयाची कृती आधीच ठरवून ठेवावी: रुग्णाला सुरक्षित कुशीवर झोपवावे, पलंगाचा दांडा वर करावा, ‘मी पाच मिनिटांत येते’ असे सांगून खोलीबाहेर जावे, तोंडावर पाणी मारावे आणि श्वास शांत झाल्यावर परत यावे. हात उगारला जाईल अशी भीती एकदाही वाटली असेल, तर ते त्याच दिवशी घरातील दुसऱ्या व्यक्तीला आणि डॉक्टरांना सांगावे. तसे सांगणे हे रुग्णाच्या रक्षणाचेच काम आहे.

सांभाळणारी व्यक्ती तासभर बाहेर गेली, की नातेवाईक आणि शेजारी बोलतात, विशेषतः ती सून असेल तर. तिच्या वतीने उत्तर देण्याची जबाबदारी तिच्या पतीने घ्यावी.

दर पंधरा दिवसांनी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत नेहमीच्या गोष्टींत रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? उदास, खचल्यासारखे किंवा निराश वाटत आहे का? निम्म्याहून अधिक दिवस यांतील काही जाणवत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केंद्र शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल, तर पंधरवड्याची वाट न पाहता त्याच क्षणी हा क्रमांक लावावा आणि घरातील कोणालातरी जवळ बसवून घ्यावे. ज्येष्ठांसंबंधीच्या माहितीसाठी आणि मार्गदर्शनासाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

रुग्णालयात मुक्काम पडल्यास

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, तसेच छिंदवाडा आणि बालाघाट येथून नागपुरात उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबांतील एकच माणूस अनेकदा आठ-आठ दिवस वॉर्डाच्या व्हरांड्यात काढतो. शक्य तेथे दोघांनी यावे आणि बारा बारा तासांच्या पाळ्या लावाव्यात. ज्याची पाळी नाही त्याने रुग्णालयाच्या आवारात न थांबता धर्मशाळेत किंवा नातेवाइकाकडे जाऊन झोपावे. स्वतःची औषधे पंधरा दिवसांची सोबत आणावीत. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी भेटून राहण्याची सोय आणि शासकीय योजना यांविषयी विचारावे. ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेतून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या भरती उपचारांचे संरक्षण मिळते. त्याचे कार्ड भरतीची वेळ येण्यापूर्वीच काढून ठेवावे. घरच्या मदतनिसांचा पगार मात्र त्यात येत नाही, तो कुटुंबाने आपसांत वाटून घ्यावा.

दर पंधरवड्याला फेरविचार

महिन्यातून दोनदा, रविवारी दुपारी किंवा सर्वांना जमेल त्या वेळी, घरच्यांनी वही उघडून बसावे. सांभाळणाऱ्याची सरासरी झोप पाच तासांच्या खाली गेली असेल, दोन आठवड्यांत एकदाही बाहेर पडता आले नसेल किंवा स्वतःची तपासणी पुढे ढकलली गेली असेल, तर त्याच बैठकीत एक काम तिच्याकडून काढून दुसऱ्याच्या नावावर लिहावे आणि पुढील तारीख घालावी. दोन बैठकांनंतरही आकडे सुधारत नसतील, तर रुग्णाला काही आठवडे शुश्रूषा केंद्रात ठेवता येईल का याची चौकशी डॉक्टरांकडे करावी, आणि केंद्र निवडताना दुपारी, न कळवता, एकदा स्वतः जाऊन तेथील रुग्णांच्या चादरी, पाण्याचे पेले आणि पाठीवरची त्वचा पाहून यावी.